लाँचवरचा चंद्र

आपल्याकडे आभारप्रदर्शन नेहमी शेवटी ठेवतात. तोवर निम्मे लोक चपला शोधायला बाहेर गेलेले असतात, उरलेले चहाच्या दिशेने बघत असतात, आणि आभार मानणारा बिचारा नेमकं मंडपवाल्याचं नाव विसरतो. म्हणून मी आधीच मानून टाकतो. माझ्या मुलीचा, रेणुकाचा, अग्निबाण यंदा मे महिन्यात आकाशात गेला, त्याबद्दल आमच्या सोसायटीचे अध्यक्ष हौशीराम भाऊ, टायपिंगवाली सारिका, रूपाताई नावाच्या एक लिपिक, दिल्लीच्या एक मोठ्या बाई, पठारावरच्या सारजाबाई आणि चिक्कीचा एक डबा या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. या यादीत माझं नाव नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. ते का नाही, तेच सांगायचं आहे.

मी एका सरकारी खात्यातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि तळेगाव दाभाड्याला फ्लॅट घेऊन राहिलो. कक्ष अधिकारी म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांना कधीच समजलं नाही. आमची ही, म्हणजे उज्ज्वला, लोकांना "हे ऑफिसात होते" एवढंच सांगते. ज्याने आयुष्यभर 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात करून भल्याभल्यांना घाम फोडला, त्याला "येताना कोथिंबीर आणा, मागच्यासारखी पिवळी नको" असं ऐकावं लागलं की आत कुठेतरी लागतं. पण बोलून दाखवायची सोय नसते, कारण मागची कोथिंबीर खरोखरच पिवळी होती.

रेणुका इंजिनियर. तिने आणि तिच्या तुषार नावाच्या मित्राने आंबीला हौशीराम भाऊंची रिकामी पोल्ट्री भाड्याने घेतली आणि तिथे अग्निबाण बनवायला सुरुवात केली. हौशीराम भाऊ मूळचे आंबीचेच. आता आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, पण जीव अजून गावात. त्या पोल्ट्रीचा वास कितीही धुतलं तरी जात नाही, आणि दमट दिवशी तर तो अग्निबाणालाही येतो. यंत्र साधंच आहे, म्हणजे माझ्यासारख्याला समजेल इतकं: माणसाहून जरा उंच नळकांडं, पोटात ढगांचं मोजमाप करणारं एक उपकरण. सुर्रकन वर जायचं, मोजायचं आणि छत्री उघडून खाली यायचं. हे एकदा नीट जमलं की लोकांची उपकरणं पैसे घेऊन वर न्यायची, असा तिचा धंदा.

धंदा म्हटलं की परवाना आला. त्यात गंमत अशी की परवान्याचे नियमच तेव्हा दुरुस्तीला निघाले होते. दिल्लीहून 'अवकाश परवाना सुलभीकरण समिती' नावाची एक समिती गावोगाव फिरून लोकांच्या सूचना ऐकत होती आणि तिची एक बैठक लोणावळ्याला होणार होती. रेणुकाचं प्रकरण समितीने नमुना म्हणून घेतलं होतं. बैठकीच्या दिवशी सगळे कागद पूर्ण असतील तर अध्यक्षबाई तिथल्या तिथे सही करणार होत्या. विमानांच्या वाटेतलं आकाश थोडा वेळ मोकळं करून मिळालं होतं, तेही त्याच आठवड्यात. ते हुकलं की पावसाळा आणि मग अग्निबाण जिथून सुटायचा ते पठार दिवाळीपर्यंत ढगात. तोवर तुषार बंगळुरूच्या नोकरीवर रुजू होणार आणि हौशीराम भाऊ पोल्ट्री पुन्हा सुरू करणार. म्हणजे एक कागद अडला तर माझ्या मुलीच्या सगळ्या मेहनतीच्या जागी पुन्हा कोंबड्या फिरणार होत्या.

तो कागद म्हणजे स्थानिक कार्यालयाची ना-हरकत. बाकी सगळं तिने मिळवलं होतं. एका संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, एवढा एक कागद तुम्ही आणाल? तुम्हाला ती भाषा येते."

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेत असल्यापासून या मुलीचं माझ्यावाचून कधी काही अडलं नव्हतं. गणितं स्वतः सोडवली, कॉलेज स्वतः निवडलं, पोल्ट्री स्वतः धुतली. आणि आज तिला माझं 'उपरोक्त' हवं होतं. मी म्हणालो, "कागद तर आणतोच. पण त्या समितीला नियम कसे सोपे करायचे तेही दाखवून देतो." यावर ती घाईघाईने म्हणाली, "नको बाबा, कागद पुरे." हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

नियम सोपे करायला मी एक कोरा ताव घेतला. एकाच पानात सगळं बसवायचं, असा निश्चय. पण आमच्या सोसायटीत एखाद्याच्या हातात कोरा ताव दिसला की लोक जमतात. हौशीराम भाऊ आले, सोसायटीच्या वाहनतळाशेजारच्या खोलीत बैठक बसली.

"सायेब, ह्ये लिवून ठेवा," हौशीराम भाऊ म्हणाले, "वर गेल्यालं खाली कुनाच्या वावरात पडलं, त्याचा पंचनामा कुनी करायचा? आन् पडल्यालं त्याचं का ज्याच्या वावरात पडलं त्याचं?"

मुद्दा बिनतोड होता. मी लिहिला. संदीप म्हणून आमचे एक शेजारी कारखान्यात सुरक्षा बघतात. त्यांनी हेल्मेटचं कलम घातलं, मग ते कुणी घालायचं याचं उपकलम घातलं, आणि बघ्यांनी घालायचं की नाही यावर दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलले. कुणीतरी दुपारची झोपमोड होऊ नये असं सुचवलं. उज्ज्वला चहा द्यायला आली होती, ती म्हणाली, "आणि पोचल्यावर फोन करायचा, हे पण घाला." सगळे हसले. रेणुकाला सांगितलं तर ती मात्र गंभीरपणे म्हणाली, "ते असतंच आई. वर गेल्यावर तो सारखे निरोप पाठवत असतो." उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं. पुण्याला पोचल्यावर मी एकदाही फोन केलेला नाही, हे त्या पाहण्यात होतं.

मी स्वतः घातलेलं एक कलम मला फार आवडलं होतं, म्हणून इथे देतो: 'अर्जात वा परवानगीपत्रात हाताने केलेली कोणतीही दुरुस्ती, मग ती कितीही किरकोळ असो, ग्राह्य धरू नये. अशी दुरुस्ती आढळल्यास संपूर्ण प्रक्रिया प्रारंभापासून करण्यात यावी.' काय घोटीव वाक्य आहे! मी ते उज्ज्वलाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. कुणाला छळायचंय?" शेवटी माझं सुलभीकरण मूळ नियमांपेक्षा जाड झालं. रेणुकाने ते हातात घेऊन वजन बघितलं आणि परत ठेवलं. मी ते पोस्टाने समितीला पाठवून दिलं.

आता ना-हरकतीचा अर्ज. तो मराठीतच द्यायचा होता आणि त्यात पहिलीच अडचण आली ती शब्दाची. मी लिहिलं, 'अवकाश प्रक्षेपणास परवानगी मिळणेबाबत.' त्या कार्यालयाचं नाव मी घेणार नाही, कारण त्यांच्याबद्दल माझ्या मनात आज कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण अर्ज परत आला. शेरा होता: 'दूरचित्रवाणी प्रक्षेपणाबाबत आपल्या भागातील केबलचालकाशी संपर्क साधावा.' मी शब्द बदलून 'अग्निबाण सोडणेबाबत' केलं. शेरा आला: 'फटाक्यांचे अर्ज दिवाळीच्या तोंडावर स्वीकारले जातील. तोवर वाळूच्या बादल्यांची व्यवस्था करून ठेवावी.' मग मी 'उड्डाण' लिहिलं. उत्तर आलं की पतंगासाठी परवानगीची आवश्यकता नाही, मात्र नायलॉनचा मांजा वापरू नये.

माझा अपमान झाला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले, माझा कुणी परत पाठवला नव्हता. मी जिन्यात हौशीराम भाऊंना हे सांगितलं, तर ते हसायलाच लागले.

"आवो, कशाला जड जड लिवताय? सरळ लाँच म्हना की! मोबाइल लाँच हुतो, गाडी लाँच हुती, आमच्या पुतन्याचं मिसळीचं हाटेल बी परवा लाँच झालं. लाँच म्हनलं की बारक्या पोराला बी कळतं."

कार्यालयासमोर सारिकाचं टायपिंगचं दुकान आहे. तिच्याकडे मी पूर्ण अर्ज नव्याने करून घेतला, जिथे तिथे लाँच. बिचारी मुलगी सरळ होती. तिने आधीच सांगितलं, "काका, आमच्याकडे फाँट जुना आहे, ऑफिसला नवा लागतो. बदलताना कधी कधी एखादा चंद्र, एखादं टिंब गळतं. एकदा नीट वाचून घ्या हं." मला, म्हणजे ज्याच्या नजरेतून आयुष्यात एक स्वल्पविराम सुटला नाही त्याला, ही मुलगी वाचून घ्या म्हणत होती! मी चष्मा पुसला, वाचलं, दोन ठिकाणी 'करणेत'चं 'करण्यात' करायला लावलं, आणि सही ठोकली. ज्याला लाँच वाचायचंच आहे त्याला लाँचच दिसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अर्ज घेऊन मी खिडकीवर गेलो. खिडकीत रूपाताई होत्या. त्यांनी विषय वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा विषय वाचला, आणि त्या उभ्या राहिल्या. मला आत बोलावून खुर्ची दिली. आजवर त्या कार्यालयात मला कुणी खुर्ची दिली नव्हती.

"आपण... कुठून आलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"तळेगावहून. पण वरून सगळं ठरलेलं आहे," मी म्हणालो. माझ्या मनात दिल्लीची समिती होती. "लोणावळ्याला मोठी बैठक आहे. तुमच्याकडे किती वेळ लागतो, त्यावर सगळ्यांचं लक्ष आहे."

रूपाताईंचा चेहरा पांढरा पडला. त्या कागद दोन बोटांत धरून आत गेल्या आणि रिकाम्या हाताने बाहेर आल्या. मी आजूबाजूच्या मंडळींसाठी चहा सांगितला, तर सगळे एकदम म्हणाले, "नको, नको! आमचा आम्ही पिऊ." एकाने तर स्वतःचा कप उचलून माझ्यापासून लांब ठेवला. आणि फाइल अशी काही पळाली! ज्या टेबलावर जाईल तिथून उलटपावली उठे. कुणी ती क्षणभर जवळ ठेवून घ्यायला तयार नव्हतं. एक साहेब जेवायला निघाले होते, ते दारातून परतले, उभ्याने सही केली आणि मगच डबा उघडला. दुपारी माझ्या हातात ना-हरकत होती.

घरी आल्यावर मी कसा वागलो ते आता आठवलं तरी कान तापतात. मी उज्ज्वलाला म्हणालो, "भाषा, अगं. भाषेचा वचक असतो." हौशीराम भाऊंनी तर मला हातच जोडले. "आमच्या हिरीच्या कागदापायी हेलपाटं घालता घालता हीर आटली, आन् तुमी जेवनाच्या आत कागुद आनला? लय भारी काम!" रेणुकाने मला मिठी मारली. कागद कुणी वाचलाच नाही. सरकारी कागद आला की आपल्याकडे शिक्का बघतात.

दुसऱ्या दिवशी रेणुका आणि मी कुसगावच्या वरच्या अंगाला पठारावर गेलो. अग्निबाण तिथून सुटायचा होता आणि कडेला एक छोटी वस्ती होती. वस्तीला विचारायला कुठल्या नियमात सांगितलं नव्हतं, पण रेणुका आधीपासून तिथे जाऊन येऊन होती. तिथल्या सारजाबाई तिला लेकीसारखी मानायच्या.

"वर गेल्यालं खाली येतंय ना?" त्यांनी विचारलं.

"येतं मावशी. छत्री उघडून हळूच येतं."

"मग येऊ दे की. फकस्त शेळ्या सुटायच्या टायमाला नगं."

मी पिशवीतून संमतिपत्राच्या प्रती काढल्या. सारजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला ताक दिलं. "व्हय म्हनले की मी," त्या म्हणाल्या. मी प्रती पिशवीत घातल्या आणि ताक प्यायलो.

बैठक लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. निघताना उज्ज्वलाने वाटेत गाडी थांबवून चिक्कीचा मोठा डबा घेतला. मी म्हणालो, "लोणावळ्यात चिक्की काय द्यायची?" ती म्हणाली, "दिल्लीची माणसं आहेत. रिकाम्या हाताने कसं जायचं?" डबा अर्थातच माझ्या हातात आला.

हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. पुढे समिती, मधोमध अध्यक्षबाई. त्या मूळच्या सोलापूरच्या निघाल्या, उत्तम मराठी बोलत होत्या. मागच्या रांगेत स्थानिक कार्यालयाची मंडळी होती, त्यात रूपाताईही दिसल्या. मी त्यांना नमस्कार केला. त्या खुर्चीत जरा खाली सरकल्या.

आमचा क्रमांक येईपर्यंत उज्ज्वलाने वेळ घालवायला म्हणून फाइल उघडली. कोथिंबीर निवडणाऱ्या बाईच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने मला कोपराने ढोसलं.

"अहो, लाँचवरचा चंद्र कुठाय?"

"कसला चंद्र?"

"लाँचवर चंद्र असतो ना. हे बघा. लाच लिहिलंय."

मी पाहिलं. ना-हरकतीच्या पत्रात, शिक्क्याच्या बरोबर वर, स्वच्छ अक्षरांत होतं: 'आपणास व्यावसायिक लाचसाठी या कार्यालयाची कोणतीही हरकत नाही.' मी पान उलटून माझा अर्ज काढला. विषय: 'व्यावसायिक लाचसाठी ना-हरकत मिळणेबाबत.' फाइल का पळाली, चहा का नको होता, जेवण सोडून सही का झाली, सगळं एका क्षणात डोक्यात लख्ख झालं. माझ्या भाषेचा वचक! त्या बिचाऱ्यांना वाटलं असणार की हा माणूस सापळा लावायला आलाय, फाइल क्षणभर अडवली तरी लाच मागितली असं ठरेल. आणि नेमकं तेव्हाच माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो तेव्हा एका हातात लाचेची परवानगी होती आणि दुसऱ्या हातात चिक्कीचा डबा.

"या, या," अध्यक्षबाई हसून म्हणाल्या. "आम्हाला तुमच्याकडून शिकायचंय. असं पत्र मिळायला इतर ठिकाणी महिने जातात, तुम्हाला एका दिवसात मिळालं. काय पद्धत वापरलीत? हीच पद्धत सगळीकडे लागू करावी असा आमचा विचार आहे."

समोर रेणुका बसली होती. तिला काही माहीत नव्हतं, ती माझ्याकडे इतक्या अभिमानाने बघत होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलो असतो तर कदाचित कागद तसाच सरकला असता. पण उद्या पठारावर कुणी पोलिसाने तो वाचला असता म्हणजे? लाचेच्या परवानगीवर अग्निबाण कोण सोडू देणार? माझ्या अब्रूसाठी तिचं आकाश गेलं असतं.

"मॅडम, पद्धत एकच," मी म्हणालो. "लाँचमधला चंद्र काढून टाकायचा."

आणि अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचू नका असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"'आमच्या कंपनीने आजवर आंबी येथे छोटे छोटे लाच यशस्वीरीत्या केले असून आता प्रथमच मोठे लाच करण्याचा मानस आहे. सदर लाच दिवसाढवळ्या, ग्रामस्थांच्या देखत करण्यात येईल. लाच थेट वरपर्यंत पोचेल याची आम्ही हमी देतो...'" बाई थांबल्या. त्यांचे खांदे हलत होते. "'...व नंतर उरलेला भाग छत्रीच्या साहाय्याने हळूहळू खाली येईल.'"

पुढचं त्यांना वाचता आलं नाही. अख्खा हॉल हसत होता. समितीतले एक मराठी न येणारे गृहस्थ शेजाऱ्याला "काय झालं, काय झालं" विचारत होते आणि शेजाऱ्याला सांगता येत नव्हतं. फक्त रेणुका हसत नव्हती. ती पांढरीफटक पडून माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती, आणि त्या हसण्यात मला तेवढाच तिचा चेहरा दिसत होता.

"मॅडम," मी म्हणालो, "चूक माझी आहे. टायपिंगवालीने वाचून घ्या सांगितलं होतं. मुलीचा यात काही दोष नाही. एवढा चंद्र हाताने काढून दिलात तर फार उपकार होतील."

अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. त्यांच्या सहायकाने मात्र कानाशी लागून त्यांच्यापुढे एक जाडजूड बाड ठेवलं. बाड ओळखीचं होतं.

"हाताने दुरुस्ती?" बाई पान वाचत म्हणाल्या. "इथे एका नागरिकाची सूचना आहे. 'हाताने केलेली कोणतीही दुरुस्ती, मग ती कितीही किरकोळ असो, ग्राह्य धरू नये.' यावर आपलं काय मत?"

"मॅडम, ही सूचना कुणा गाढवाने केली आहे."

"खाली सही आपली आहे."

"म्हणूनच मी खात्रीने सांगू शकतो," मी म्हणालो. "मी ते सगळं बाड मागे घेतो. हेल्मेटसकट."

पुन्हा हशा झाला. माझ्या प्रतिष्ठेचं जे काय उरलं होतं, ते त्यात वाहून गेलं, आणि नवल म्हणजे मला हलकं वाटलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पत्र ज्यांनी दिलं, त्यांनीच दुरुस्त करायला हवं. कुणी आहे का त्या कार्यालयाचं?"

मागून रूपाताई उठल्या. जपून जपून पुढे आल्या. माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाल्या, "काका, खरंच सापळा नव्हता?"

"नव्हता हो ताई. अग्निबाणच होता."

"दोन रात्री झोप नाही मला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं, टेबलावर वाकल्या आणि पत्रातल्या लाचेवर एक नाजूक चंद्र काढून वर टिंब दिलं. बाजूला सही केली. मग अर्जातल्या एकेका लाचेवर चंद्र काढत गेल्या, पानभर. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. अध्यक्षबाईंनी त्यांच्या चंद्राखाली आपली सही केली, मग परवान्यावर केली, आणि सहायकाला सांगितलं, "लिहून घ्या. लेखनातली चूक जागच्या जागी हाताने दुरुस्त करता यावी. अर्जदाराला परत पाठवू नये." माझ्या एवढ्या जाड बाडातून समितीने घेतलं ते हे एवढंच, आणि तेही उलटं.

मी गहिवरून चिक्कीचा डबा अध्यक्षबाईंपुढे केला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "आज तरी नको," त्या म्हणाल्या. मी तो रूपाताईंपुढे केला. त्या दोन पावलं मागे सरकल्या. डबा परत माझ्याकडेच राहिला.

पठारावर सकाळी वारा पडला होता. शेळ्या सुटायला अजून अवकाश होता. निम्मी सोसायटी आली होती आणि संदीप सगळ्यांना हेल्मेट वाटत होते. अग्निबाण उभा होता आणि त्याच्या टोकाशी रेणुकाने लाल रंगाने एक खूण काढली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. चंद्र आणि त्याच्यावर टिंब, बस्स. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, "पुन्हा हरवायला नको, बाबा."

मोजणी सुरू झाली तेव्हा मी डोळे मिटले. कुणीतरी ओरडलं, छातीत धडधडलं, आणि उघडून पाहिलं तर वर धुराची एक बारीक रेघ होती. रेणुका पडद्याकडे बघत होती. मग तुषार ओरडला, "बोलतोय, बोलतोय!" अग्निबाण वरून निरोप पाठवत होता. उज्ज्वलाने माझा दंड धरला. "फोन केला हो त्याने," ती म्हणाली आणि रडायला लागली.

खाली येताना मात्र वारा उठला आणि छत्री कड्याच्या बाजूला वाहत दिसेनाशी झाली. उपकरणातली मोजमापं मिळाली नाहीत तर वर जाऊन उपयोग काय? आम्ही उन्हात शोधत फिरलो. हौशीराम भाऊंनी "कुनाच्या वावरात पडलं आसंल?" हा आपला जुना प्रश्न पुन्हा काढला. रेणुका एकेक झुडूप बाजूला सारून बघत होती.

तेवढ्यात वस्तीच्या पायवाटेने सारजाबाई वर आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवा अग्निबाण, आणि छत्री नीट घडी करून खांद्यावर टाकलेली.

"ह्यो घे गं बाय तुजा चंद्र," त्या म्हणाल्या. "आमच्या वाडग्यात पडलाता. शेळ्या बुजल्या, पर याला कुटं लागलं न्हाई."

रेणुका धावत गेली, उपकरण उघडून पाहिलं, आणि सारजाबाईंच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे आली. आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही, कोथिंबिरीचेही नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, पुढच्या अर्जाला पण तुम्हीच हवे." मी गाडीतून चिक्कीचा डबा आणला आणि सारजाबाईंपुढे धरला.

त्यांनी हात मागे घेतला. "ह्ये कशापायी? मी काय पैशापायी आनलं व्हय?"

हौशीराम भाऊंनी डबा माझ्या हातातून घेतला, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे केला.

"घ्या मावशी," ते म्हणाले, "लाचेची न्हाई ही. लाँचची हाय."

सारजाबाईंनी एक तुकडा घेतला, मोडला, आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.